बेटावर चालेल मिळत नाही

रत्नप्रभाबाईंचा शब्द एकच होता, 'चालेल'. लग्नाच्या वेळी मुलगा गिरणीत आहे, चाळीत एकच खोली आहे, असं वडिलांनी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, चालेल. लालबागची खोली सोडून दहिसरला नदीपलीकडच्या चाळीत जाऊ या, असं नवरा धाकू म्हणाला, तेव्हाही चालेल. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. धाकू दारात बसून विड्या ओढायला लागला. तेव्हा शेजारची मालन म्हणाली, "रत्नावयनी, नाक्यावरच्या बाबू लोकांका जेवणाचे डबे देवया काय?" त्यालाही चालेल.

आणि हे चालेल नुसतं तोंडदेखलं नव्हतं. म्हणून झालं की बाई पदर खोचून कामाला लागायच्या. जकात नाक्यावरचे कारकून आणि ट्रकवाल्यांचे मुनीम त्यांच्या भाकरीवर आणि बांगड्याच्या तिखल्यावर पोसले. पहाटे नळाचं पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे, दुपारी तेच डबे घासायचे आणि संध्याकाळी उद्याचं निवडायला घ्यायचं. धाकू वारला तेव्हा तेराव्यापर्यंत डबे बंद होते. चौदाव्या दिवशी चूल पेटली. रडायचं ते त्यांनी कांदा चिरताना रडून घेतलं.

मुलं गुणी निघाली. थोरला श्यामकांत अंधेरीला एका कंपनीत चिकटला. धाकटी शुभा नर्स झाली आणि नवऱ्याबरोबर आफ्रिकेत झांबियाला गेली. जावई चंद्रप्रकाश लुसाकाच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. सत्त्याऐंशी साली शुभाला दिवस गेले आणि वाण्याच्या दुकानात तिचा फोन आला. बोलणं श्यामकांतशी झालं. बाळंतपणाला आई हवी हे तर झालंच, पण पुढचं मोठं होतं. शुभाला कामावर परत जायचं होतं, आणि तिथल्या बायकांच्या हाती मूल सोडायला तिचा जीव धजेना. आई आलीच आहे तर मूल शाळेत जाईपर्यंत, म्हणजे चारपाच वर्षं, तिकडेच राहील.

चाळीतल्या खोलीत श्यामकांत, त्याची बायको उत्तरा, त्यांचा दहावीला बसणारा पोरगा आणि रत्नप्रभाबाई असे चौघे राहत. उत्तरा मनाने सरळ, जे वाटेल ते बोलून मोकळी व्हायची. ती म्हणाली, "आई, बघा ना, शुभाताईंची सोय होईल, आमच्या पोराला अभ्यासाला कोपरा मिळेल, आणि तुम्हीही त्या डब्यांतून सुटाल. सगळ्यांचीच सोय."

आता यात वाईट कोण? कुणीच नाही. दुष्ट सून आणि पोटचा निर्दय पोरगा शोधायला कुणी आलं तर त्याने दुसरं घर बघावं. सगळ्यांनी बाईंचं भलंच चिंतलं होतं. फक्त विचारताना प्रश्न असा विचारला की त्याचं उत्तर त्याच्या पोटातच होतं. श्यामकांत म्हणाला, "आई, चालेल ना?"

रत्नप्रभाबाई म्हणाल्या, चालेल. आणि डबे मालनकडे सोपवून त्यांनी डिंक तळायला घेतला.

तिकीट बोरिवलीच्या एजंटाने काढून दिलं. स्वस्तातलं होतं, त्यामुळे मध्ये एका बेटावर दोन रात्री थांबायचं आणि तिसऱ्या दिवशी पुढचं विमान पकडायचं. हॉटेल आणि जेवण तिकिटातच. श्यामकांतला काळजी पडली, आई एकटी, भाषा येत नाही. "चालेल रे," बाई म्हणाल्या. सहार विमानतळावर पोचवायला अर्धी चाळ मॅटॅडोर करून आली. मालन ढसाढसा रडली. गळ्यातल्या हारांमुळे बाईंना मान वळवता येईना, म्हणून त्यांना शेवटचं नीट कुणी दिसलंच नाही. सोबत दोन बॅगा होत्या. एकीत त्यांची पातळं. दुसरीत डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, बाळंतशेपा, कुळथाचं पीठ आणि जुन्या पातळांची मऊ दुपटी.

बेटाचं नाव सेशेल्स. बाईंनी ते शेषशैल असं ऐकलं आणि देवाचं नाव म्हणून विमानातच एकदा नमस्कार करून टाकला. उतरल्यावर हॉटेलची बस समुद्राच्या कडेने निघाली आणि त्या खिडकीला नाक लावून बघत राहिल्या. तांबडी माती. माड. केळी, फणस, पत्र्याची उतरती घरं आणि परसात नीरफणसाची झाडं. त्यांना चक्क फसवल्यासारखं वाटलं. समुद्र ओलांडून, ढगांतून उडून उतरलो कुठे, तर आपल्या वेंगुर्ल्यात! फरक एवढाच की किनाऱ्यावर हत्तीएवढे गुळगुळीत खडक होते, आणि वाळूत गोरी माणसं जवळजवळ उघडी, सुकट वाळत घालावी तशी पसरली होती. ज्या गावातून माणसं पोटासाठी मुंबईला पळाली तसल्याच गावात ही माणसं पैसे देऊन पडायला येतात, हे काही बाईंच्या डोक्यात शिरेना.

हॉटेल लहानसं होतं, पण दिलेल्या खोलीत दहिसरची खोली दोनदा मावली असती. बाईंनी आल्याआल्या अंथरुणाची घडी घातली, मोरी घासली, कोपऱ्यातली वाळू हाताने गोळा केली. तेवढ्यात बादली आणि फडकं घेऊन हॉटेलची कामवाली आली. पन्नाशीची, रुंद हाडाची, डोक्याला रंगीत रुमाल. तिने खोली बघितली, मोरी बघितली, आणि करायला काही उरलंच नाही म्हटल्यावर खुर्चीत बसून पाय पसरले. मग छातीवर हात ठेवून तिने आपलं नाव सांगितलं, "मारी-आंज."

रत्नप्रभाबाईंना ऐकू आलं, मारीआई. म्हणजे गावाच्या वेशीवरची देवी, साथ आली की जिला कोंबडं द्यायचं ती. बाईंचे हात आपोआप जोडले गेले. मारी-आंजलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनेही हात जोडले. तेव्हापासून दोन दिवस बाईंच्या लेखी ती मारीआईच राहिली.

दुपारच्या जेवणाला मोठ्या टेबलावर भांडी मांडली होती आणि लोक आपापलं वाढून घेत होते. रत्नप्रभाबाई एका बाजूला खुर्चीवर बसून राहिल्या. घरच्या बाईने आधी जेवायचं नसतं. पुरुष, मुलं, पाहुणे, मग उरलं तर आपण. इथे त्या कुणाच्या घरच्या बाई नव्हत्या हे खरं, पण चाळीस वर्षांची सवय हॉटेल बघून बदलते थोडीच? सगळी गोरी माणसं जेवून उठेपर्यंत त्या थांबल्या. मग पदर सावरून उठल्या, तर दोन पोऱ्ये भांडी उचलून आत घेऊन गेले. बाई खोलीत आल्या आणि पिशवीतला चिवडा खाल्ला. लाडवांना हात लावला नाही, ते बाळंतिणीचे होते.

हे मारी-आंजने पाहिलं असावं. कारण रात्री वाढायला ती स्वतः आली. बाईंना तिने टेबलाशी बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला आणि विचारलं, "फिश? चिकन?"

"चालेल," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

मारी-आंजने कपाळाला आठ्या घातल्या. "शालेल?"

"हां. चालेल."

ती आत गेली. आतून दोनतीन माणसांच्या बोलण्याचा आवाज आला, एकदा झाकण आपटल्याचाही आला. मग ती परत आली आणि मनापासून वाईट वाटल्यासारखी म्हणाली, "नो शालेल, मादाम. सॉरी. फिश आहे, चिकन आहे. शालेल नाही." हे ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, पण बाईंना अक्षर न् अक्षर कळलं.

आधी त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचा म्हातारा गोरा वळून बघायला लागला. मारी-आंज मात्र तशीच उभी. तिला घाई नव्हती, आणि तिला उत्तर हवं होतं. हसू ओसरलं आणि बाई गोंधळल्या. मासा की कोंबडी, हे त्यांनी मनाशी विचारून बघितलं, तर आतून काही उत्तरच येईना. नाक्यावरच्या पाटकरबाबूंना शेपटीकडचा तुकडा चालत नाही हे त्यांना पाठ होतं. श्यामला खोबरं जास्त लागतं, धाकूला मासा तळलेलाच लागे. स्वतःला काय लागतं? चालेल म्हणजे हो नव्हे आणि नाहीही नव्हे. चालेल म्हणजे तुम्हीच काय ते ठरवा. आणि इथे ठरवायला दुसरं कुणी नव्हतंच.

"फिश," त्या शेवटी म्हणाल्या.

"फ्राय? करी?"

बाईंच्या तोंडात पुन्हा तो शब्द आला होता, पण स्वयंपाकघरात तो मिळत नाही हे आता ठाऊक होतं. "करी," त्या म्हणाल्या.

नारळाच्या दुधातली कढी आली. कोकम नव्हतं, आणि दालचिनीचा हात सैल सुटला होता. पण माशाचा तुकडा मधला होता, पोटाकडचा, जाडजूड. घरी असा तुकडा त्यांनी रोज वाढला होता. तो त्यांनी पहिल्यांदा अगदी सावकाश, काटा न् काटा चोखून, स्वतः खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मारी-आंजला हा खेळच मिळाला. सकाळी चहा की कॉफी, अंडं की पाव, बाहेर की आत. रत्नप्रभाबाई थांबायच्या, विचार करायच्या आणि सांगायच्या. एकदा तर सांगून झाल्यावर त्यांनी बदललंही, कॉफी नको, चहा. मारी-आंजने काही कपाळावर हात मारला नाही. कॉफी नेली, चहा आणला. जगात एवढं सोपं असतं हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी त्या किनाऱ्यावर गेल्या. माळी खराट्याने वाळूवरची पानं लोटत होता. खराटा हिरांचाच, अगदी गावच्यासारखा, आणि बाईंचे हात शिवशिवले. जवळच पडलेली एक झावळी ओढून त्यांनी हीर सोलायला सुरुवातही केली. मग मध्येच त्यांच्या लक्षात आलं की खराट्याची इथे कुणालाही गरज नाही. त्यांनी झावळी बाजूला ठेवली. किनाऱ्यालगत उंडीचं डेरेदार झाड होतं. गावाला याच झाडाच्या बियांचं तेल काढून दिवा लावीत. त्या झाडाखाली बसल्या. थोड्या वेळाने कलंडल्या. मग पातळाचा पदर तोंडावर घेऊन झोपल्या.

उठल्या तेव्हा उन्हं कलली होती. दचकून त्यांनी भाकऱ्या राहिल्या म्हणून हात टेकला, तर हाताला वाळू लागली. कुणी हाक मारली नव्हती. कुणाचा डबा चुकला नव्हता. त्या झोपल्या म्हणून जगात काही एक बिघडलं नव्हतं. बाई उठून पाण्यात गेल्या, पातळ गुडघ्यावर धरून आधी घोट्यापर्यंत, मग सरळ कमरेपर्यंत बसल्याच. कोमट पाणी अंगावरून येत-जात होतं. त्यांना फार सुख वाटलं. इतकं सुख की त्यांना भीतीच वाटली.

कारण त्या सुखाच्या पाठोपाठ लुसाका आलं. बाळाचं करायचं, तर त्या जीव ओतून करणार होत्या, त्यात प्रश्नच नव्हता. शुभाला न्हाऊमाखू घालायचं, शेक-शेगडी करायची, बाळाला पायावर घेऊन तेल लावायचं, या विचारानेच त्यांचे हात आसुसत. पण त्यानंतर? नातवाच्या मागे धावत पाच वर्षं. तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होतील. आणि मग श्यामच्या पोराचं काहीतरी निघेल, आणि सगळे म्हणतील, आई, चालेल ना? त्यांना नको होतं. डबे नको होते आणि मूल सांभाळणंही नको होतं. हे असलं मनात येणाऱ्या बाईला आई म्हणायचं की काय म्हणायचं, असं वाटून त्यांना पाण्यात बसल्याबसल्या रडू कोसळलं.

काम आटोपून मारी-आंज तिथे आली, चपला काढून वाळूत बसली. तिने विचारलं, पुढे कुठे? बाईंनी मोडक्या इंग्रजीत आणि हातांनी सांगितलं. मुलगी, पोट, बाळ. मग पाच बोटं दाखवली, पाच वर्षं.

"यू लाइक?" मारी-आंज म्हणाली.

पाणी एकदा येऊन गेलं, दुसऱ्यांदा येऊन गेलं. "नो," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. आपल्या भाषेत हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नसता. परक्या भाषेत तो कुणाचाच नसतो, म्हणून निघाला. म्हणून झाल्यावर त्यांनी आजूबाजूला बघितलं. मारी-आंजने नुसती मान हलवली, जशी तिने चहा की कॉफीला हलवली होती.

तिसऱ्या दिवशी निघताना बाईंनी तिच्या ओटीत एक डिंकाचा लाडू घातला. बाळंतिणीच्या वाट्यातला हा एकच गेला. मारी-आंजने तिथल्या तिथे तो तोंडात घातला, आणि डिंक दाताखाली कुरकुरल्यावर डोळे मोठे केले.

लुसाकाला शुभा आणि चंद्रप्रकाश घ्यायला आले होते. शुभाचं पोट पुढे आलं होतं, चेहरा फुगला होता. आईला बघून ती लहान पोरीसारखी गळ्यात पडली. गाडीत ती पुढे बसली, बाई मागे बॅगांबरोबर. चंद्रप्रकाश आनंदात होता. "आई, मागची खोली तुमच्यासाठी रंगवून घेतलीय. परमिटचं पण बोलून ठेवलंय. आता निवांत राहा, पाच वर्षं कशी जातील कळणारसुद्धा नाही. चालेल ना?"

रत्नप्रभाबाईंनी बॅगेवरचा हात काढून मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "गणपतीपर्यंत राहीन मी."

शुभा पोट सावरत मागे वळली. "म्हणजे? असं काय गं आई? तूच चालेल म्हणाली होतीस ना?"

"म्हटलं होतं."

"कोणी काही बोललं का तुला? वहिनी?"

मुलांशी बाई नेहमी मुंबईचं बोलायच्या. पण आता जे आलं ते मालवणीच आलं. "कोण काय बोलूक नाय."

"मग डबे? परत ते डबे करायला जायचंय तुला, या वयात?"

"डबे मालन बघता. माका डबे नको."

"मग परत जाऊन करणार काय आहेस तू?"

यावर सांगण्यासारखं चांगलं उत्तर विमानात त्यांनी शोधून ठेवलं होतं. श्यामच्या पोराची दहावी आहे, देवदर्शन राहिलंय, गावचं घर बघायला हवं. कुठलंही खपलं असतं. "काय नाय," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"काही नाही म्हणजे?"

"काय नाय म्हणजे काय नाय. बसान. दुपारची निजान. वाटला तर नदीपर्यंत जायन. तुझा बाळंतपण मी करतलंय, मन लावन करतलंय. पण मगे माका आता कोणाचा काय करूचा नाय."

चंद्रप्रकाशने आरशातून एकदा मागे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे नजर लावली. शुभाचे डोळे भरून आले. "मग माझ्या बाळाचं कसं होणार गं?" तिने विचारलं.

तो नेहमीचा शब्द रत्नप्रभाबाईंच्या अगदी ओठांपर्यंत आला. एवढा एक शब्द टाकला असता तर पोरीचं रडू थांबलं असतं, गाडीत पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं असतं. त्यांनी तो गिळला, आणि पुढे हात नेऊन शुभाच्या केसांत घातला. "एक बाई ठेव," त्या म्हणाल्या. "मी आसय तवर तिका सगळा शिकवतंय. मी केलंय तसाच ती करतली."

शुभा पुन्हा पुढे वळली. गाडी बरंच अंतर गेली. बाहेर सपाट माळ होता, पिवळं गवत होतं. शुभा नर्स होती. दिवसभर माणसांना कुठे दुखतं, केव्हापासून दुखतं हेच विचारण्यात तिचा जन्म चालला होता. आईला ते विचारायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. आता तिने केसांतला आईचा हात धरला आणि मागे न बघता विचारलं, "आई, तू दमली होतीस का गं?"

"होय गो बाय," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "खूप दमलंय."